सर दोराबजी टाटा : नावावरचे धन

एखादी वस्तू आपल्या नावावर असणे आणि ती आपली असणे, या दोन्ही गोष्टी एकच आहेत असे आपण समजून चालतो. सातबाराच्या उताऱ्यावर नाव लागले की जमीन आपली. पावतीवर नाव आले की माल आपला. पण मराठीत ‘विश्वस्त’ असा एक शब्द आहे, तो या समजुतीला छेद देतो. ज्याच्या नावावर धन आहे, ज्याच्या सहीवाचून ते हलत नाही, पण ज्याला त्यातली पैसुद्धा स्वतःची म्हणता येत नाही, तो विश्वस्त. रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवून चौदा वर्षे नंदिग्रामातून राज्य चालवणारा भरत हा आपल्याकडचा पहिला विश्वस्त म्हणायला हरकत नाही.

अंकासाठी एका कारखानदाराचे चरित्र लिहिते आहे असे सांगितल्यावर माझ्या मैत्रिणी हसल्या. थोर पुरुष म्हटले की आपल्याला संत, सेनानी आणि समाजसुधारक आठवतात. शेअर, नफा आणि भागीदारी यांत थोरवी कसली? मलाही हाच प्रश्न पडला होता. ग्रंथालयात सर दोराबजी टाटांविषयी वाचत गेले, तसे वाटू लागले की भरताच्या पादुकांचा प्रश्न कंपनीच्या कचेरीतही रोज उभा राहतो. फक्त तिथे सिंहासनाच्या जागी हिशेबाची वही असते.

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईत झाला. जमशेटजी टाटा आणि हिराबाई यांचे हे थोरले चिरंजीव. मुंबईत शालेय शिक्षण झाल्यावर त्यांना इंग्लंडला पाठवण्यात आले. १८७७ साली ते केंब्रिजला दाखल झाले, पण पुस्तकांपेक्षा मैदानावर त्यांचे मन अधिक रमले. दोन वर्षांनी ते परतले आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातून १८८२ साली बी. ए. झाले. मग दोन वर्षे त्यांनी ‘बॉम्बे गॅझेट’ या वृत्तपत्रात काम केले. १८८४ मध्ये ते वडिलांच्या कापडधंद्यात आले. जमशेटजींनी त्यांना गादीवर बसवले नाही. आधी पाँडिचेरीला गिरणी चालेल का हे पाहायला धाडले आणि मग नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये काम शिकायला लावले.

१८८७ साली ‘टाटा अँड सन्स’ ही पेढी उभी राहिली. तिच्यात तीन भागीदार होते : जमशेटजी, दोराबजी आणि नात्यातले रतनजी दादाभाई ऊर्फ आर. डी. टाटा. (पुढे विमानवाहतुकीमुळे प्रसिद्ध झालेले जे. आर. डी. टाटा हे या आर. डीं.चे चिरंजीव.) दोराबजींचे धाकटे बंधू रतनजी हेही नंतर पेढीत आले. भागीदारी ही मोठी नाजूक गोष्ट आहे. एका भागीदाराने सही केली की तिचे ओझे सगळ्यांच्या डोक्यावर येते. म्हणून कायदा भागीदारांकडून दोन गोष्टींची अपेक्षा करतो : एकमेकांशी सचोटीने वागावे आणि खरा हिशेब दाखवावा. आपल्या देशात भागीदारीचा स्वतंत्र कायदा १९३२ साली आला. योगायोग असा, की दोराबजींचे निधनही त्याच वर्षी झाले. म्हणजे त्यांचे भागीदारीतले सारे आयुष्य या कायद्याच्या आधीचे.

१९ मे १९०४ रोजी जमशेटजी जर्मनीत वारले. त्या वेळी दोराबजी चव्वेचाळीस वर्षांचे होते. ताजमहाल हॉटेल आदल्याच वर्षी उघडले होते, पण वडिलांची तीन मोठी कामे अपुरी राहिली होती : पोलादाचा कारखाना, सह्याद्रीच्या पाण्यापासून वीज आणि विज्ञानाचे विद्यापीठ. कोणत्याही न्यायालयाने मुलाला ती पुरी करायला लावले नसते. वारसा म्हणून आलेल्या संपत्तीवर सुखाने आयुष्य काढणे दोराबजींना सहज शक्य होते. त्यांनी तिन्ही कामे अंगावर घेतली.

लोखंडाचा शोध तर वडिलांच्या हयातीतच सुरू झाला होता आणि तो आपल्या चांदा जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या चंद्रपुरातून. तिथे लोखंड होते, पण जोडीला हवा तसा कोळसा मिळेना. निराश होऊन दोराबजी नागपूरच्या सरकारी कचेरीत ते सांगायला गेले. साहेब जागेवर नव्हते, म्हणून वेळ घालवायला समोरच्या वस्तुसंग्रहालयात शिरले. तिथे भिंतीवरच्या नकाशात दुर्ग जिल्ह्यातल्या लोखंडाच्या खुणा त्यांना दिसल्या. त्या मागावर माणसे डोंगरात गेली. पुढे भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांच्या पत्रामुळे मयूरभंज संस्थानातल्या खाणींचा पत्ता लागला आणि साकची या खेड्याजवळ कारखान्याची जागा ठरली. तेच आजचे जमशेदपूर.

लोखंड मिळाले, पण पैसा मिळेना. लंडनच्या सावकारांनी अटी घातल्या, वेळ काढला आणि शेवटी हात आखडता घेतला. तेव्हा १९०७ साली दोराबजी आणि त्यांचे सहकारी आपल्याच लोकांकडे वळले. स्वदेशीचे वारे वाहत होते. शेअरची घोषणा होताच मुंबईच्या टाटांच्या कचेरीसमोर सकाळपासून रात्रीपर्यंत माणसांची रीघ लागली. तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार भारतीयांनी दोन कोटी एकतीस लाखांवर भांडवल उभे केले. त्यांत संस्थानिक होते, व्यापारी होते आणि शिलकीतले थोडे पैसे घेऊन आलेली साधी माणसेही होती.

दोराबजींच्या चरित्रातली खरी कसोटी इथून सुरू होते. हे आठ हजार लोक कंपनीचे मालक, पण त्यांतल्या बहुतेकांनी साकचीचे तोंडही पाहिले नव्हते. कारखाना कसा बांधायचा, माल कोणाकडून घ्यायचा, पगार किती द्यायचा, हे सगळे ‘मॅनेजिंग एजंट’ म्हणून टाटांची पेढी ठरवणार होती. त्या काळी देशातल्या बहुतेक मोठ्या कंपन्या अशाच चालत. एजंटाच्या हातात कारभार आणि कमिशन, भागधारकाच्या हातात एक कागद. या पद्धतीत गैरप्रकारांना भरपूर वाव होता. कंपनीला तोटा होवो की नफा, आपले कमिशन काढून घेणारे आणि आपल्याच दुसऱ्या पेढीकडून चढ्या भावाने माल घेणारे एजंट अनेक होते. अखेर १९७० साली ही पद्धत कायद्याने बंद करावी लागली.

१८८२ च्या विश्वस्त कायद्यात याबद्दल एक कलम आहे. त्याचा आशय असा, की भागीदार, एजंट किंवा कंपनीचा संचालक अशा विश्वासाच्या जागी बसलेल्या माणसाने त्या जागेचा फायदा घेऊन स्वतःसाठी काही मिळवले, तर ते त्याचे होत नाही. ज्याच्या विश्वासावर मिळाले, त्याच्यासाठीच ते त्याने धरून ठेवले आहे असे मानले जाते. नावावर असले तरी ते धन दुसऱ्याचे!

हे कलम मी पुस्तकात वाचले, पण त्याचा अर्थ मला वाकोल्यातच कळला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील पिठाची गिरणी चालवतात. ती त्यांनी आणि गावाकडच्या एका मित्राने मिळून घातली. त्यांना मी काका म्हणायची. लायसन वडिलांच्या नावावर, गाळ्याची पावती वडिलांच्या नावावर, दोघांत लिहिलेले असे काहीच नाही. तीन वर्षांपूर्वी काका वारले. काकू गावी असतात. गिरणीची वही मी लिहिते, आणि आजही महिनाअखेर वीजबिल, भाडे आणि दगडाला टाकी लावल्याची मजुरी वजा करून जे उरते, त्याचे दोन भाग पडतात. एक भाग गावी जातो. शेजारपाजारचे वडिलांना समजावतात, की कागदावर सारे तुमचेच आहे, मुलीचे शिक्षण आहे, लग्न आहे, कशाला पाठवता? आईलाही कधी कधी तसे वाटते. फीचा महिना असला की मलाही वाटते. वडील वाद घालत नाहीत. वहीत दोन रकाने पाडायला सांगतात. भागीदार वारल्यावर हिशेब चुकता न करता धंदा चालू ठेवला, तर वारसांना नफ्यातला वाटा किंवा सहा टक्के व्याज मागता येते, हे १९३२ च्या भागीदारी कायद्यात लिहिलेले आहे असे मी त्यांना वाचून दाखवले. त्यांना त्याचे विशेष काही वाटले नाही. सरकारला हे सुचायला १९३२ साल उजाडावे लागले, याचेच त्यांना नवल वाटले.

आता पुन्हा दोराबजींकडे. २ डिसेंबर १९११ रोजी साकचीच्या भट्टीतून पहिले लोखंड बाहेर आले आणि १९१२ च्या फेब्रुवारीत पहिले पोलाद. १९१० साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला होता. बंगलोरची विज्ञानसंस्था १९०९ मध्ये स्थापन होऊन १९११ मध्ये तिथे विद्यार्थी आले. लोणावळ्याला धरणाच्या कामाचा पाया घातला गेला आणि १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या कापडगिरण्यांत पोहोचली. अकरा वर्षांत वडिलांची तिन्ही स्वप्ने जमिनीवर उतरली.

पण याच विजेच्या कथेत एक प्रकरण असे आहे, जे गाळून दोराबजींचे चरित्र लिहिणे मला प्रामाणिक वाटत नाही. पुणे जिल्ह्यात मुळशीला निळा आणि मुळा या नद्यांवर धरण बांधण्यासाठी १९१९ मध्ये टाटांची नवी वीज कंपनी निघाली. सुमारे पन्नास गावांची भातखाचरे आणि घरे पाण्याखाली जाणार होती. सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याने जमिनी घेऊन कंपनीला द्यायचे ठरवले. १९२१ च्या एप्रिलमध्ये मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट पुढे झाले आणि याच लढ्यात ते ‘सेनापती’ झाले. बायामाणसे कामावर जाऊन बसली, तुरुंगात गेली. सुमारे तीन वर्षांनी लढा थकला आणि धरण झाले. १९२७ मध्ये भिऱ्याला वीज तयार होऊ लागली.

इथे विश्वस्त कोण आणि कोणाचा, हा प्रश्न मला सुटत नाही. कंपनीचा कारभार पाहणाऱ्यांनी भागधारकांचे हित पाहिले, तेव्हा आपले कर्तव्यच केले असे कायदा म्हणेल. धरण रखडले असते तर पैसे गुंतवणाऱ्यांचा विश्वासघात झाला असता. पण मुळशीच्या शेतकऱ्याचे नाव कंपनीच्या भागधारकांच्या वहीत नव्हते. त्याने पैसा दिला नव्हता, जमीन दिली होती, आणि तीही मनाविरुद्ध. ज्याचे नाव वहीत आहे त्याच्याशी प्रामाणिक राहणे अवघड आहेच. पण ज्याचे नाव कोणत्याच वहीत नाही, त्याचा हिशेब कोण ठेवणार? दोराबजींसारख्या सचोटीच्या माणसाच्या कारकिर्दीतही हा रकाना कोराच राहिला, हे लिहून ठेवले पाहिजे.

एव्हाना पोलादावर संकट येत होते. पहिल्या महायुद्धात कारखान्याचे पोलाद खूप खपले, म्हणून मोठा विस्तार हाती घेतला. युद्ध संपल्यावर खर्च वाढले, परदेशी पोलाद स्वस्त झाले आणि भाव कोसळले. १९२४ मध्ये जमशेदपूरहून तार आली, की कामगारांच्या पगाराला पैसे नाहीत. कंपनी बुडते की काय अशी वेळ आली.

कंपनी आणि भागीदारी यांतला मोठा फरक इथे ध्यानात घ्यावा लागतो. भागीदारीत धंदा बुडाला तर भागीदाराच्या घरादारावर जप्ती येऊ शकते. कंपनीत तसे नाही. शेअरचे पैसे गेले की भागधारकाची जबाबदारी संपली. म्हणजे पोलाद कंपनी बुडाली असती तरी दोराबजींच्या घरातल्या वस्तूला हात लावण्याचा हक्क कोणाला नव्हता. हा पडदा त्यांनी आपण होऊन बाजूला केला. सुमारे एक कोटीची आपली खासगी संपत्ती त्यांनी इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली. तीत पत्नी मेहरबाईंचे दागिने होते आणि ‘ज्युबिली’ हा २४५ कॅरटचा, कोहिनूरच्या दुपटीहून मोठा हिराही होता. बँकेने कर्ज दिले, पगार झाले. त्याच वर्षी विधिमंडळाने देशी पोलादाला संरक्षण देणारा कायदा केला आणि हळूहळू कंपनी सावरली. आठ हजार लोकांचा विश्वास एजंटाने आपल्या तिजोरीला बांधला, असे उदाहरण विरळाच. आपली स्त्रीधनाची कल्पना लक्षात घेतली तर मेहरबाईंचा वाटा यात किती मोठा होता तेही कळेल.

मेहरबाई या भाभा घराण्यातल्या. अणुशास्त्रज्ञ होमी भाभांच्या त्या आत्या. त्या साडी नेसून टेनिस खेळत आणि १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मिश्र दुहेरीत उतरल्या. खेळाचे वेड दोघांनाही सारखेच. दोराबजी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते. तिथल्या शर्यतींत खेड्यापाड्यांतली मुले अनवाणी धावताना पाहून त्यांना वाटले, की ही मुले जगात धावू शकतील. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू गेले, त्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले, धावपटू सदाशिव दातार, कुस्तीचे नवले आणि रणधीर शिंदे होते. खर्चाचा मोठा भार दोराबजींनी स्वतः उचलला. १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना झाली, तिचे ते पहिले अध्यक्ष.

१९१७ साली टाटांच्या पेढीचे ‘टाटा सन्स’ या कंपनीत रूपांतर झाले होते. वरवर पाहता ही कागदोपत्री गोष्ट, पण पुढचे सगळे तिच्यामुळे शक्य झाले. भागीदारीतला वाटा माणसाला चिकटलेला असतो. शेअर मात्र उचलून दुसऱ्याच्या हाती देता येतो. १९१८ मध्ये धाकटे रतनजी इंग्लंडमध्ये वारले. त्यांना मूल नव्हते. त्यांच्या संपत्तीतून १९१९ मध्ये विश्वस्तनिधी झाला. दोराबजी आणि मेहरबाई यांनाही मूल नव्हते. १८ जून १९३१ रोजी मेहरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. दोराबजी खचले, पण हातपाय गाळून बसले नाहीत. मार्च १९३२ मध्ये त्यांनी टाटा सन्समधले आपले शेअर, जमीनजुमला आणि दागिने, अशी सारी संपत्ती एका विश्वस्तनिधीला दिली. ठिकाण, राष्ट्र, धर्म असा कोणताही भेद न करता तिचा विनियोग व्हावा, असे ठरवले. मेहरबाईंच्या नावाने रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी वेगळा निधी ठेवला. मग पत्नीच्या समाधीच्या दर्शनाला इंग्लंडकडे निघाले. ते वाटेत, जर्मनीतल्या बाड किसिंगेन येथे ३ जून १९३२ रोजी वारले. इंग्लंडमधल्या ब्रुकवूडच्या दफनभूमीत दोघांची समाधी शेजारी शेजारी आहे.

पुष्कळ धनिक मरताना दान करतात. रोख रक्कम वाटली की ती संपते. दोराबजींनी दिली ती धंद्यातली मालकी. त्यामुळे कारखान्यांच्या नफ्याचा वाटा वर्षानुवर्षे निधीकडे येत राहिला. त्यातून १९३६ साली नागपाड्याला समाजकार्याचे विद्यालय निघाले. आज ते देवनारला आहे. १९४१ साली परळचे टाटा रुग्णालय उघडले. ते पुढे सरकारकडे गेले. १९४५ मध्ये मूलभूत संशोधनाची संस्था उभी राहिली. आजही टाटा सन्सचे सुमारे दोनतृतीयांश शेअर टाटांच्या निरनिराळ्या विश्वस्तनिधींकडे आहेत. शेअर विश्वस्तांच्या नावावर. पण विश्वस्त त्यांचे धनी नव्हेत.

आमच्या भागात कोणाला टाटाला नेले असे म्हटले, की ऐकणारा आवाज खाली आणतो. त्या रुग्णालयाच्या पायऱ्यांवर बिहारचा शेतकरी बसलेला असतो, आसामची बाई असते, संगमेश्वरची म्हातारी असते. यांच्यातल्या कोणाचेही नाव भागधारकांच्या वहीत नाही. १९०७ च्या रांगेत यांचा आजा-पणजा उभा नव्हता. तरीही दोराबजींनी ठेवलेल्या धनात यांचा वाटा आहे, आणि तो भीक म्हणून नव्हे. कायद्याच्या भाषेत विश्वस्ताकडे ज्याचे धन असते, त्याला हक्काचा लाभार्थी म्हणतात. मुळशीच्या वेळी कोरा राहिलेला रकाना याने भरून निघाला असे मी म्हणणार नाही. ती खाचरे आजही पाण्याखालीच आहेत. पण वहीत नाव नसलेल्या माणसाचाही हिशेब ठेवता येतो, एवढे दोराबजींनी शेवटी दाखवून दिले. भरताने राज्य परत केले ते रामाला, ज्याचे होते त्याला. दोराबजींनी ते अशांना दिले, ज्यांची नावेही त्यांना कधी कळणार नव्हती.